बाटलीत उमटलेलं डोकं

आधीच सांगते. यातलं एकही अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती स्टेफी माझी मामेबहीण. वसईतल्या नंदाखाल गावची. खोटं बोलणं तिला जमत नाही, आणि भुताखेतांवर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता. विज्ञान शिकलेली मुलगी.

तुम्ही म्हणाल, रात्र असेल, डोळ्यांवर झोप असेल.

नाही.

जानेवारीतला शुक्रवार होता. भर दुपार. बाहेर लख्ख ऊन.

जागा... सातिवली. वसई पूर्व.

शुक्रवारी तिथल्या कारखान्यांच्या गाळ्यांना सुट्टी असते. एरवी प्रेस मशीनचा धाडधाड आवाज, टेम्पोंची ये-जा, माणसांचा गलका. शुक्रवारी मात्र सगळं चिडीचूप. स्टेफीला तेच हवं असायचं. तिचं मशीन इतकं नाजूक, की शेजारच्या गाळ्यात प्रेस आपटला तरी त्याची थरथर तिच्या मोजमापात उतरायची.

मशीन म्हणजे एमआरआय. पण हॉस्पिटलात असतं तसलं नाही. त्याच्या कितीतरी पट ताकदीचं चुंबक. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने काढून टाकलेलं, इथे आणून एका गोडाऊनमध्ये लोखंडी भिंतींची खोली बांधून बसवलेलं. बाहेर पाटीसुद्धा छोटीशी. आजूबाजूच्या कामगारांना वाटायचं, आत औषधं बनवतात.

स्टेफी तिथे काय करायची, ते तिने मला एकदा साध्या भाषेत सांगितलं होतं.

साध्या एमआरआयमध्ये मेंदूचा आकार दिसतो. तिच्या कामात मेंदूतली रसायनं दिसायची. कुठल्या कोपऱ्यात कुठलं किती, कवटीला हात न लावता. निरोगी मेंदूत एक रसायन भरपूर असतं. गाठ व्हायला लागली की ते घटतं, आणि दुसरंच एक वाढतं. त्याचा रंगीत नकाशा बनतो. चांगली जागा निळी. बिघडलेली जागा लाल.

"मग अडचण काय?" मी विचारलं होतं.

"चरबी," ती म्हणाली होती. "कवटीवरच्या कातडीखाली चरबी असते ना, तिचा सिग्नल एवढा मोठा, की कानाशी लाऊडस्पीकर लावलाय आणि पलीकडून कोणीतरी कुजबुजतंय. ती कुजबूज ऐकायची."

त्यासाठी तिने एक गाळणी बनवली होती. खरी गाळणी नाही, गणिताची. चरबीचा गोंगाट गाळायचा, मेंदूची कुजबूज ठेवायची. दोन वर्षं ती त्याच्यामागे होती.

या कामात तिच्यासोबत दोन माणसं होती.

एक म्हणजे प्लासिड सर. प्रयोगशाळेचे प्रमुख. पण स्टेफीसाठी ते नुसते सर नव्हते. ते तिचे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरून उभे राहिलेले. मामा वारले तेव्हा शवपेटीला पहिला खांदा यांचा. स्टेफीला विज्ञानाकडे वळवलं त्यांनीच. घरी ती त्यांना अंकल म्हणायची, कामावर सर.

दुसरा कुशल भोईर. जवळच्या कामण गावचा. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. डोक्यावर चढवायची ती हेल्मेटसारखी कॉइल त्यानेच हाताने बनवलेली. आणि ती नीट लागते का बघायला मशीनमध्ये झोपायचा पण तोच.

"माझंच डोकं वापरा," म्हणायचा. "नाहीतरी रिकामंच आहे."

लहानपणी झाडावरून पडून त्याच्या डोक्याला मागे उजवीकडे खोक पडली होती. हाड किंचित आत गेलेलं. स्टेफीने त्याच्या डोक्याची इतकी चित्रं पाहिली होती, की तोंड न बघता नुसत्या नकाशावरून तिने त्याला ओळखलं असतं.

कुशलला एक सवय होती. काम करता करता मध्येच थांबायचा. नाक वर करायचा.

"वायर जळल्याचा वास येतोय का?"

कोणालाच यायचा नाही. तो बिचारा सगळे बोर्ड उघडून बघायचा. काही जळलेलं नसायचं. सगळे हसायचे.

दिवाळीच्या तोंडावर कुशल गेला.

सकाळची वेळ. हायवे मोकळा. बाईक सरळ जाऊन कडेला उभ्या डंपरवर आदळली. ब्रेक मारल्याची खूण नाही. वळवल्याची खूण नाही. प्यायलेला नव्हता, तो पीतच नव्हता. लोक म्हणाले, डुलकी लागली असेल.

स्टेफी कामणला जाऊन आली. कुशलची आई, मालनकाकू, भिंतीला टेकून बसलेली. रडत नव्हती. नुसती बसलेली.

त्यानंतर स्टेफीने स्वतःला कामात गाडून घेतलं.

आणि मग तो शुक्रवार आला.

त्या दिवशी ती आणि हेमांगी, दोघीच होत्या. हेमांगी मशीन चालवायची. वसईच्या एव्हरशाईन वसाहतीत राहणारी, नवरा घरी बसलेला, हिच्यावर घर. कामाला चोख.

स्टेफीने नवीन गाळणी लिहिली होती. जुनीपेक्षा खूप हलकी, खूप बारीक. ती पहिल्यांदा तपासायची, म्हणजे माणसावर नाही, बाटलीवर. काचेचा एक गोल चंबू असतो. आत पाणी आणि मेंदूत असतात तसले क्षार. त्याला ते लोक फॅन्टम म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ भूत असाही होतो. त्यावरून कुशल खूप चेष्टा करायचा.

हेमांगीने चंबू कॉइलमध्ये ठेवला. टेबल आत सरकवलं. जड दार लावलं. दोघी बाहेर काचेमागे येऊन बसल्या.

मॅग्नेट थंड ठेवणारा एक पंप असतो. त्याचा आवाज चोवीस तास चालू. चिक्-चूं... चिक्-चूं... तिथे काम करणाऱ्यांना तो ऐकूसुद्धा येत नाही, इतका सवयीचा.

स्टेफी बटण दाबणार, तेवढ्यात हेमांगीने मान वर केली.

"मॅडम... काहीतरी जळतंय का?"

स्टेफीचा हात थांबला.

तिलाही येत होता.

वायर जळल्याचा वास.

दोघींनी सगळं बघितलं. मागची खोली, कपाटं, पंखे, प्लग. कुठे काही गरमसुद्धा नाही. आणि जसा आला तसा वास गेला.

स्टेफी खुर्चीत येऊन बसली.  तिला वाटलं, आपण थकलोय. हेमांगीलाही मुद्दाम काही सांगितलं नाही.

स्कॅन चालू झाला. खट... खट... खट... मग तो घरघराट.

आणि मध्येच...

घंटी वाजली.

आता ही घंटी कसली, ते सांगायला हवं. मशीनच्या बोगद्यात झोपलेल्या माणसाच्या हातात एक रबरी फुगा देतात. घाबरलं, गुदमरलं, तर तो दाबायचा. बाहेर घंटी वाजते. म्हणजे ती वाजायला आत कोणीतरी लागतं.

दोघींनी काचेतून पाहिलं.

बोगदा रिकामा. टेबलावर फक्त चंबू. आणि रबरी फुगा आपल्या खुंटीवर लटकलेला.

स्थिर.

घंटी परत वाजली. लांब. दाबून धरल्यासारखी.

"फुग्याच्या नळीत हवा अडकली असेल," स्टेफी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

हेमांगीने घंटी बंद करायचं बटण दाबलं. स्कॅन संपला. कॉम्प्युटर नकाशा बनवायला लागला. स्क्रीनवर एकेक पट्टी उतरत जाते, वरून खाली.

बाटलीचा नकाशा कसा दिसतो, तर ताटलीसारखा. एक सपाट गोल, सगळीकडे एकच रंग. बस.

पहिली पट्टी उतरली.

गोल नव्हता.

कडेने एक जाड, चमकदार रेघ होती.

स्टेफी पुढे वाकली. ही रेघ तिच्या ओळखीची होती. दोन वर्षं ती याच रेघेशी भांडत होती. ही चरबीची कडा. कवटीवरच्या कातडीखालची.

पण बाटलीत चरबी नसते...

दुसरी पट्टी. तिसरी.

डोकं उमटत होतं.

कपाळ. कानशिलं. मेंदूच्या मधली घडी. आणि मागे एका बाजूला, कडेच्या चमकत्या रेघेत...

एक खोक.

हेमांगी खुर्ची ढकलून उभी राहिली. "मॅडम, हे कोणाचं आहे?"

स्टेफीने माउस ओढून घेतला.

तिने धडपडत तपासलं. जुनी फाईल चुकून उघडली का? नाही. तारीख आजची, वेळ आत्ताची. आणि कुशल जिवंत असताना इतका बारीक नकाशा काढताच येत नव्हता. ही गाळणी तेव्हा जन्मलीच नव्हती. हे चित्र जुनं असूच शकत नव्हतं.

मग तिला तो डाग दिसला.

डाव्या कानाच्या आतल्या बाजूला, जिथे गाठ झाली की माणसाला नसलेले वास येतात, कधी क्षणभर शुद्ध जाते. निळ्या मेंदूत एक लाल डाग. सुपारीएवढा.

स्टेफीला एकदम आठवलं. पावसाळ्याच्या आधी, कुशलच्या एका स्कॅनमध्ये, याच जागी, तिला पुसटसा लालसरपणा दिसला होता. तिने सरांना बोलावून दाखवला होता. सरांनी चष्मा वर करून पाहिलं होतं.

"मशीनचा दोष आहे, बाय," ते लाडाने म्हणाले होते. "कानात हवा असते. हवेशेजारी चुंबक गडबडतं. तू गाळणी जरा घट्ट कर तिथे."

हे अगदी शक्य होतं. हवेशेजारी तसा दोष खरंच येतो. तिने गाळणी घट्ट केली. डाग गेला.

तिने सरांना फोन लावला.

"सर, लगेच या. एक स्कॅन बघायचाय."

"कोणाचा?"

"तुम्ही या फक्त."

प्लासिड सर अर्ध्या तासात आले. घरच्याच कपड्यांत होते. नेहमीसारखे हसत आत शिरले, हेमांगीला म्हणाले, "काय गं, चहा नाही केलास?" मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली.

हसू गेलं.

ते जवळ आले. स्क्रीनला बोट लावलं. बोट नेमकं त्या लाल डागावर.

आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं...

"हे मी पुसलं होतं."



स्टेफी म्हणते, भीती तिला त्या क्षणापर्यंत वाटत होती. त्या क्षणी ती गेली. भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. पायाखालची लादी कोणीतरी अलगद काढून घ्यावी तसं.

"काय पुसलं होतं, सर?"

"अं? नाही... खराब स्कॅन होता एक. मशीनचा दोष. मला दाखवला होतास ना तू..."

"मी दाखवला होता तो पुसट होता. हा डाग स्पष्ट आहे. तुम्ही लगेच ओळखलात. म्हणजे तुम्ही स्पष्टही बघितला होतात. माझ्यामागे परत स्कॅन केलात त्याचा?"

"बाय, तू दमलीयस..."

"अंकल."

कामाच्या जागी तिने त्यांना कधीच अंकल म्हटलं नव्हतं.

त्यांनी मान खाली घातली. मग एकदम ताठ झाले. "हे बघ, बाटलीच्या स्कॅनमध्ये डोकं येत नसतं. कॉम्प्युटर जुना डेटा मिसळतोय. साधी गोष्ट आहे. हेमांगी, चंबू बाहेर काढ. आत काहीच ठेवू नकोस. रिकामा स्कॅन घे. मग कळेल."

हेमांगी जागची हलेना. शेवटी स्टेफीच आत गेली. चंबू उचलला. थंडगार होता. बोगद्यात नजर टाकायचं तिने टाळलं.

दार लावलं.

रिकाम्या मशीनमधून फक्त खरखर यायला हवी. आकाशवाणीचं स्टेशन न लागल्यावर येते तशी.

स्कॅन चालू झाला. सरांनी टेबलावरचा हेडफोन उचलून कानाला लावला. आतला आवाज ऐकायला असतो तो. का लावला, कोणास ठाऊक. सवय असेल.

घरघराट चालू होता.

मग सरांचा चेहरा बदलला.

कोणीतरी बोलतंय आणि आपण ऐकतोय, तसा. कपाळाला आठी. मान किंचित कलती.

स्टेफीला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त पंप. चिक्-चूं... चिक्-चूं...

आणि सर बोलले. हळू. समोर काचेकडे बघत.

"हो... हो रे."

स्टेफीने काचेपलीकडे पाहिलं, बोगदा रिकामाच होता.

"सांगणार होतो रे मी तुला. डेमो झाला की लगेच."

थांबले. ऐकलं.

"दोनदा पुढे गेला, त्याला मी काय करणार? ते पैसे देणारे परदेशातले लोक, त्यांनीच तारीख ढकलली... कॉइल अर्धवट होती. ती तुझ्याशिवाय कोण लावणार होतं? आणि सगळे निरोगी नकाशे तुझ्याच डोक्याचे. तूच आजारी निघालास, तर तुम्हा दोघांची दोन वर्षं पाण्यात... तीन आठवडेच म्हटलं. तीन आठवड्यांनी काय होतंय..."

परत थांबले.

मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हेडफोन कानावरून ओढून काढला आणि टेबलावर टाकला.

"काय म्हणाला?" स्टेफीने विचारलं.

"कोण?" सर म्हणाले. "कोणीच नाही."

आणि पंप थांबला.

तो आवाज कधीच थांबत नाही. वीज गेली तरी जनरेटरवर चालतो. तो थांबल्यावर खोली इतकी शांत झाली, की तिघांना एकमेकांचे श्वास ऐकू आले.

स्टेफीने नंतर मला सांगितलं... श्वास तीन नव्हते.

स्क्रीनवर पट्ट्या उतरायला लागल्या होत्या.

तेच डोकं. तीच खोक.

डाग मात्र सुपारीएवढा राहिला नव्हता. लिंबाएवढा झाला होता.

मेलेल्या माणसाच्या डोक्यातली गाठ वाढत होती.

प्लासिड सर निघून गेले. चपला दाराशी तशाच सोडून.

पंप थोड्या वेळाने आपोआप चालू झाला.

आता तुम्हाला वाटेल, पुरावा तर हातात होता. दोन नकाशे. एक साक्षीदार.

दुसऱ्या दिवशी स्टेफीने प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांना बोलावलं. सगळ्यांसमोर फाईल उघडली.

पहिली फाईल... सपाट गोल. बाटली.

दुसरी फाईल... खरखर.

बस. बाकी काही नाही.

तिने हेमांगीकडे बघितलं. "हेमांगी, तू सांग. तू होतीस ना तिथे."

हेमांगी खाली बघत होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"मॅडमची तब्येत बरी नाही वाटत, सर," ती म्हणाली. "कुशलसर गेल्यापासून... मला तर बाटलीच दिसली."

स्टेफी मला म्हणाली, त्या वेळी ती हेमांगीवर चिडलीसुद्धा नाही. तिच्या घरी चूल कोण पेटवतं ते तिला माहीत होतं. पण जे आपल्या डोळ्यांनी एकत्र बघितलं, ते दुसऱ्याने पुसून टाकलं, की आपण एकटे पडतो. साफ एकटे.

प्लासिड सर शांत होते. त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मुलगीच आहे माझी ती," म्हणाले. "तिला थोडी सुट्टी द्या."

त्या हाताखाली ती उभी होती आणि तिला एकच गोष्ट कळत होती. कुशलचा डाग लपवायची गाळणी आपण बनवली. याच माणसाच्या सांगण्यावरून. रात्र रात्र जागून. आणि घट्ट बसली म्हणून याच माणसाने आपली पाठ थोपटली होती.

रविवारी चर्चमध्ये ते नेहमीच्या बाकावर होते. शांतीची खूण द्यायच्या वेळी वळून त्यांनी हात पुढे केला.

स्टेफीने हात जोडले नाहीत, दिलाही नाही. मिस्साची प्रार्थना अर्धवट सोडून ती बाहेर पडली. फ्लॉसीमामी, म्हणजे तिची आई, मागे धावली. "अगं, लोक काय म्हणतील? तुझे धर्मपिता ते!" स्टेफीने आईला सगळं सांगितलं. मामी ऐकून घेऊन म्हणाली, "प्लासिड असं करायचा नाही."

आईसुद्धा.

मग ती कामणला गेली. एकटी.

मालनकाकू अंगणात तांदूळ पाखडत होत्या. तिला बघून सूप खाली ठेवलं.

"ये पोरी. बस. पानी घे."

स्टेफीने पाणी घेतलं. 

"काकू, कुशलचं डोकं दुखायचं का?"

"दुखायचं की. पावसात लय दुखायचं. मीच म्हनले, डाक्टरला दाखव." त्या सहज बोलत होत्या. "तर म्हनला, आये, आमचे सर हायत ना, त्यांना इचारलं. ते म्हनले, तुजं डोकं येवढ्या मोठ्या मशीनात आम्ही रोज बगतो, काय नाय तुला. मंग मी गप बसले. येवढा मोठा मानूस खोटं कशाला बोलंल?"

स्टेफीने पेला खाली ठेवला.

त्याने विचारलं होतं. स्वतःच्या तोंडाने विचारलं होतं.

तिने मग सगळं सांगितलं. डाग, गाळणी, डेमो. वास, घंटी, बाटलीत उमटलेलं डोकं. सगळे तिला वेडी म्हणतात तेही.

मालनकाकूंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. 'खरं का?' असं विचारलं नाही. त्यांनी सुपातल्या तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

मग म्हणाल्या,

"अजून हाय का तो तिथं?"

काकू उठून उभ्या राहिल्या.

"मना ने तिथं."

दोघी सातिवलीला पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. गोडाऊनच्या छपरावरच्या नळीतून पांढरा धूर आभाळात चढत होता. वॉचमन घाबरून रस्त्यावर येऊन उभा होता. मॅग्नेट बसला होता. चुंबक थंड ठेवणारं आतलं सगळं हेलियम वायू होऊन उडून गेलं, की चुंबकाची ताकद संपते. मुद्दाम तसं करायचं झालं तर आत एक लाल बटण असतं, काचेच्या झाकणाखाली. झाकण जसंच्या तसं होतं. आत कोणी नव्हतं. प्लासिड सर त्या दिवशी आलेच नव्हते.

धूर ओसरल्यावर वॉचमनने त्यांना आत सोडलं. स्टेफीने अजून नोकरी सोडली नव्हती, आणि तो बिचारा तसाही आत यायला तयार नव्हता.

खोलीत पंपाचा आवाज नव्हता. काहीच नव्हतं.

मालनकाकूंनी चपला बाहेर काढल्या. देवळात जाताना काढतात तशा. बोगद्यापाशी गेल्या. आत हात घातला, खांद्यापर्यंत. आतल्या अंधारात हात फिरवत राहिल्या. ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात ना, तसा.

"कुशल," त्या म्हणाल्या. "चल बाळा. हितं कोन नाय आपलं."

स्टेफी दारात उभी होती. तिला रडू येत होतं आणि येत नव्हतं.

थोड्या वेळाने काकूंनी हात बाहेर काढला. पण पूर्ण खाली सोडला नाही. किंचित वर धरलेला. दुखणाईत माणसाला दंडाला धरून चालवतात, तसा. आणि त्या सावकाश चालायला लागल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. मग पुढे.

रस्त्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "कामण? किती जण?"

स्टेफी 'दोन' म्हणणार होती.

"तिगं हाव आमी," मालनकाकू म्हणाल्या.

काकू एका कडेला बसल्या. स्टेफी दुसऱ्या कडेला. मधली जागा सुटली. स्टेफीला वाटलं, रिक्षावाला हसेल, काहीतरी बोलेल.

त्याने आरशात पाहिलं. मागे वळून पाहिलं नाही. रिक्षा सुरू केली.

हायवे लागला. कामणच्या फाट्याला रिक्षा जोरात वळली...

आणि स्टेफीच्या खांद्यावर कोणीतरी कललं.

जड. झोपेत माणूस कलतो तसं. कानशील तिच्या खांद्याला टेकलेलं. तिला केसांचा स्पर्श कळत होता.

तिने मान वळवली नाही. समोर बघत राहिली. खांदा तसाच धरून ठेवला, जरासुद्धा न हलवता, थेट काकूंच्या अंगणापर्यंत.

"का नाही बघितलंस?" मी तिला विचारलं.

तिने उजवा खांदा चोळला.

"बघितलं असतं," ती म्हणाली, "तर मला त्याने काय विचारलं असतं, ते मला माहीत होतं."

त्या संस्थेने चौकशी बसवली आहे, असं ऐकते. पुरावा काही नाही, त्यामुळे निघायचं काही नाही. प्लासिड सर अजून तिथेच आहेत. नवीन मॅग्नेट येणार म्हणतात. स्टेफी काम सोडून घरी आहे. तिचा उजवा खांदा सतत दुखतो. वसईच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढला, काही निघालं नाही. मोठ्या मशीनमध्ये बघून घेऊ म्हणाले.

ती नाही म्हणाली.

मागच्या आठवड्यात मी तिच्यासोबत कामणला गेले होते. मालनकाकूंनी आम्हाला जेवायला वाढलं. आम्ही दोघी, त्या एक. पानं चार मांडली होती.

मी काही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

चौथ्या पानातला भात... आम्ही उठलो तेव्हा अर्धा संपला होता.